चढावरचं कुंपण

"अंगावरचं ब्लँकेट काढा म्हणे! छातीला काही झालं नसलं तरी या गारठ्याने होईल," त्सेलिसो माझ्या कानाशी कुरकुरले.

"काढा मुकाट्याने," मी म्हटलं.

डॉक्टर काबोंगोंनी छाती तपासली, जुना एक्स-रे उजेडाकडे धरला आणि सुस्कारा टाकला. खाणीतली धूळ फुप्फुसात कुठवर गेलीय ते आम्हाला ठाऊकच होतं. हे दुखणं त्याचंच की हृदयाचं, एवढंच कळायला हवं होतं. हृदयाचं असलं तर निदान इलाज होता.

"म्मे," ते मला म्हणाले, "कोणती तपासणी करू तेच समजेना. फिरत्या पट्ट्यावर चालवलं तर हृदयावर ताण यायच्या आधी यांचा दम संपेल. त्याऐवजी सुई देऊन हृदयावर ताण आणायचा, तर त्या औषधाने श्वासनळ्या आवळतील. सोनोग्राफीत फुगलेली फुप्फुसंच आड येतात. राहिला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळातला स्कॅन. पण तिथल्या चिठ्ठीत मी कारण काय लिहू?" ते यांच्याकडे वळले. "न्टाटे, दुखतं कधी? चढताना, की खोकताना?"

"दुखत नाही."

"मग आलात कशाला?"

"हिने आणलं."

मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. मला डोकं आपटावंसं वाटलं.

मी तरी काय सांगणार? घराकडच्या चढावर हे मध्येच थांबतात आणि शेजारच्या मोखेलेच्या दगडी कुंपणाला नावं ठेवतात. दगड वाकडे रचलेत, पाया कच्चा आहे. मीही थांबते, "वाकडेच आहेत" म्हणते. मुलगी माहेरी आली की तीसुद्धा म्हणते. बिचारा मोखेले!

"पट्ट्यावर चालवा ना मला," हे एकदम ताठ झाले. "किती वेळ ते सांगा फक्त."

तो ताठपणा मी ओळखला. सोन्याच्या खाणीत दर वर्षी सुट्टीनंतर तपासणी असायची. तापलेल्या खोलीत पायरीवर चढ-उतार करायची, नाकाने श्वास घ्यायचा, हसायचं. यांचा दोस्त लेत्सिए एकदा "दुखतंय" म्हणाला, आणि त्याची पत्र्याची ट्रंक त्याच्यासकट घरच्या बसमध्ये चढली. हे कधी नापास झाले नाहीत.

"अहो, इथे पास होऊन काय मिळणार आहे तुम्हाला?" माझा आवाज चढला, दारातली नर्स वळून बघायला लागली. "खाण नेणार नाहीये तुम्हाला परत! कुणीच नेणार नाहीये!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

यांनी मांडीवरचं ब्लँकेट उगाच सारखं केलं. एक घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्या कुंपणात काही खोट नाही गं. चांगलं रचलंय त्याने."

"मग?" डॉक्टरांना काही उमगेना.

"तिथे दुखतं मला. दम लागायच्या आधी."