पाच ठोक्यांचा आठवडा

मी एक जुना हातोडा आहे, मित्रांनो, आणि वर्षातला एकच आठवडा मला उजेड दिसतो. बाकी सारा काळ मी वॅलारी गावच्या संग्रहालयात, जुन्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीत, खोक्यात बंद.

संग्रहालयाच्या दारापाशी एक काचेचं कपाट आहे. ज्या आठवड्यात गावात जे घडलं, त्याची वस्तू त्या आठवड्यात तिथे मांडतात. महापुराच्या आठवड्यात वल्हं, पहिली रेल्वे आली त्या आठवड्यात गार्डचा कंदील. फेब्रुवारीचा पहिला आठवडा माझा, कारण तेव्हा तांब्याची खाण कोसळली.

मी जोरी पॅस्को या खाणकामगाराचा. आत पाच जण अडकले होते. खाणीतला नियम असा, की जितके जिवंत, तितके ठोके वर जाणाऱ्या पाइपावर द्यायचे. आम्ही पाच दिले, थांबलो, पुन्हा पाच. मग चार. शेवटी जोरी एकटाच एकेक देत राहिला. वरून उत्तर आलंच नाही. पाइप मध्येच तुटला होता, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हापासून त्या आठवड्यात संग्रहालय सांभाळणारी बाई माझे पाच ठोके देते, आणि ऐकणारा असेल तिथे टोपी काढून गप्प उभा राहतो. कौतुक होतं, मग पुन्हा खोकं.

गेल्या फेब्रुवारीत आताची सांभाळणारी नॉरीन मला काढायला आत आली आणि वाऱ्याने लोखंडी दार धाडकन लागलं. ते आतून उघडत नाही. तिचा फोन बाहेर टेबलावर, दम्याचं औषधही तिथेच. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. तेव्हा तिने मला उचललं आणि भिंतीतल्या पाण्याच्या पाइपावर मारलं. हाताला सवय पाचाची. पाच, थांबली, पुन्हा पाच.

तो पाइप शेजारच्या बेकरीत जातो. तिथे काय झालं ते मला नंतर ऐकायला मिळालं.

“टोप्या काढा रे,” बेकरीवाली बेरिल म्हणाली. “नॉरीनचा सराव चाललाय.”

सगळे हातात मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी धरून मुकाट उभे राहिले. केवढा तो आदर! आणि इकडे ती गुदमरत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण हातोड्याला आवाज द्यायलाही माणसाचा हात लागतो.

नॉरीन धापा टाकत भिंतीला टेकली. “अगं बाई,” ती पुटपुटली, “मी तर एकटीच आहे.” तिने एकच ठोका दिला. थांबली. पुन्हा एक.

बेकरीत जोरीचा म्हातारा नातू क्लॅरी उभा होता. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“हा सराव नाही, बेरिल.”

“गप राहा की जरा! दरवर्षी तुझं काहीतरी असतंच.”

“अगं, एकच ठोका येतोय! आत कोणीतरी अडकलंय, जिवंत आहे. ते लाटणं दे इकडे!”

आणि मित्रांनो, पाइपातून एक ठोका आला. आमचा नव्हे, बाहेरचा. जोरीने ज्याची वाट बघत प्राण सोडला, ते उत्तर मला मिळालं. नॉरीन मला छातीशी धरून रडू लागली. लोकांनी पहारीने दार उचकटून तिला बाहेर काढलं.

आता मी पुन्हा खोक्यात आहे. येत्या फेब्रुवारीत माझ्यासाठी टोपी जरूर काढा. पण त्याआधी उत्तर म्हणून एक ठोका देऊन बघा.