इंजिनाच्या पेटीत कोंडलेला सिलिंडर

“अप्पा, आग इंजिनालाच लागली, तर आत टांगलेला हा लाल सिलिंडर बाहेर काढणार कोण?”

रुद्राणीने हे विचारून दाखवावे, अशी पैज तिच्या वर्गातल्या बुद्धप्रियाने लावली होती. बोटीत बसलेल्या साऱ्या मैत्रिणी फिसकन हसल्या. बोटवाले वीरण्णा, म्हणजे रुद्राणीचे वडील, मात्र भडकले. “शाळा शिकून राहिली का बापाची इज्जत काढून राहिली? गप बस!”

मित्रांनो, मीच तो आग विझवणारा सिलिंडर. आता जुना झालो आहे, आणि तुम्हा माणसांवर माझा दात आहे.

कारखान्यात माझ्या पोटात कोरडी पावडर भरली, तेव्हा मी केवढा ऐटीत होतो! तेलाच्या आगीवर पाणी चालत नाही, मी चालतो. दुकानदाराने बजावले होते, “मालक, याला हाताशी ठेवा, इंजिनापासून लांब.” पण प्रवाशांच्या बाकाजवळ ठेवलेला मी वीरण्णांच्या डोळ्यांत खुपलो. “गिऱ्हाईक याला बघूनच भ्यायलं तर?” असे म्हणत त्यांनी मला इंजिनाच्या पेटीत टांगले. वरून झाकण! विष्णुपुरी धरणाचे एवढे पाणी, पण मला ते कधी दिसलेच नाही.

आत धूर, डिझेलचा वास आणि जीवघेणी धग. वर्षभर कुणी ढुंकून पाहिले नाही. दसऱ्याला मात्र कोण कौतुक! इंजिनाबरोबर माझीही पूजा झाली. कुंकवाने दाबाच्या काट्यावरची काच बरबटली, आणि जी ओढल्याशिवाय मी सुटत नाही त्या पिनेभोवती लाल नाड्याचे इतके वेढे पडले की ती पैलवानालाही निघाली नसती. देव केले आणि हात बांधले. वा रे भक्त!

मग एका रविवारी भर पाण्यात डिझेलची नळी फाटली. पेटीतून धूर निघाला, लेकरंबाळं किंचाळू लागली. मला काढायला वीरण्णांनी झाकण उघडले, तोच वारा आत शिरला आणि भसकन जाळ उसळला. त्यांचा हात भाजला. मी वीतभर दूर होतो, तरी हाती लागलो नाही.

“झाकण लावा, अप्पा!” रुद्राणी ओरडली. तिनेच लाथ मारून ते पाडले आणि पेटीबाहेरचा डिझेलचा कॉक बंद केला. हवा नाही, तेल नाही; जाळ आतल्या आत गुदमरून मेला.

घरी आल्यावर वीरण्णांनी मला अंगणात आपटले. “मुडदा बशिवला ह्याचा! वेळंला कामाला आला न्हाई.”

मित्रांनो, मी आलो नाही, की तुम्ही येऊ दिले नाही? आम्हाला आगीच्या घरात कोंडू नका. बाहेर, हात पोचेल तिथे बसवा. पेटीला आमची नळी जाईल एवढे भोक ठेवा, म्हणजे झाकण न उघडता पावडर आत मारता येते. एवढेही जमत नसेल, तर आम्हाला विकत घेऊच नका!

रुद्राणीची आई, अंबिकाबाई, भाजल्या हाताला मलम लावत होती. “आन् नवा सिलिंडर?” तिने विचारले.

“पेटीतच टांगू. दुसरी जागा कुठं हाय?” वीरण्णा गुरगुरले.

रुद्राणी उठून उभी राहिली.

“मग अप्पा, आई, ऐका. मी ठरवलंय. नवा सिलिंडर बाकाजवळ बसत न्हाई, तोवर मी घाटावर उभी राहून एकेका गिऱ्हाइकाला सांगणार, ह्या बोटीत बसू नका. बोट माझ्याच बापाची हाय, म्हणून सांगून राहिले.”