पुऱ्यांमागचं गाव

मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या घराच्या बेसमेंटमध्ये एकनाथराव मंडळाच्या सहलीचे फोटो दाखवत होते आणि त्यांची बायको रत्ना मागच्या खुर्चीवर मनातल्या मनात जळफळत होती. इटली कसली, नुसत्या पुऱ्या. तळ्याकाठी पुऱ्या, चर्चच्या पायरीवर पुऱ्या. बसबरोबर स्वयंपाकी महाराज नेलेले ना. या लोकांनी उभा जन्म मिशिगनमध्ये काढला, घरात अमेरिकन सुना आल्या, पण इटलीत जाऊन पास्ता खायचा म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

रत्नाने मात्र या सहलीसाठी दोन हिवाळे इटालियन शिकण्यात घातले होते. बर्फ तुडवत ती लायब्ररीतल्या वर्गाला जायची. तिला फार काही नको होतं. आल्प्सच्या कुशीत द्राक्षमळ्यांची एक दरी होती, तिथल्या एका लहानशा गावात चौकात बसावं आणि कुणाशी तरी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलावेत, एवढंच.

"आणि हे बघा, वाइनवालं गाव," एकनाथराव म्हणाले. "व्हॉट अ प्लेस, यार."

पडद्यावर मंडळातल्या प्रीताची पुऱ्यांची ताटली होती. तिच्यामागे, जरा अंधुक, दगडी बांधांवर चढत गेलेल्या वेली आणि काळ्या छपरांची घरं.

रत्नाच्या मनातलं हेच गाव त्या दिवशी वर राहिलं आणि बस खाली थांबली. महाराजांनी कढई चढवली, 'गरम आहेत तोवर घ्या' सुरू झालं, आणि श्रीखंड संपेपर्यंत निघायची वेळ झाली. रत्ना एकटीच गल्ली चढायला लागली होती. तेवढ्यात एकनाथरावांनी तिला हाका मारून परत बोलावलं, कारण सगळ्यांना बाथरूमला जायचं होतं आणि कोपऱ्यावरच्या कॅफेवालीला यांचं इंग्रजी कळत नव्हतं. दोन हिवाळे घोकलेल्या भाषेतलं रत्नाचं पहिलं वाक्य हे असं खर्ची पडलं. अख्ख्या बसला तुमचं बाथरूम वापरता येईल का?

बाईने हसून होकार दिला आणि काय घेणार म्हणून विचारलं. कुणीही साधी कॉफीसुद्धा घेतली नाही. बसमध्ये आल्याचा चहा तयार होता. बाईचं हसू मावळलेलं रत्नाने पाहिलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

"हिचं इटालियन फार यूजफुल पडलं हं," एकनाथराव सांगत होते. "बाथरूमसाठी." बेसमेंट खदखदून हसलं. "नेक्स्ट इयर पोर्तुगाल. आता हिला पोर्तुगीज शिकायला बसवतो."

"माझं नाव कॅन्सल करा," रत्ना म्हणाली. "मी सप्टेंबरमध्ये या गावात परत जाणार आहे. एकटी."

एकनाथरावांना ती गंमत करतेय असंच वाटत होतं. "आता तिथे काय ठेवलंय? ते कव्हर केलं ना आपण."

"केलं ना? मग गावाचं नाव सांगा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग फोन चाळला. फोटोखाली नुसतं 'इटली' होतं. त्यांनी आशेने बाकीच्यांकडे पाहिलं, तर जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. एवढी शिकली-सवरलेली माणसं, मोठमोठ्या हुद्द्यांवरून रिटायर झालेली, आणि ज्या गावाच्या पायथ्याशी बसून पुऱ्या हादडल्या त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. रत्नाला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

शेवटी प्रीताने सावरून घेतलं. "खरंच किती सुंदर दिसतंय गं. आपण नीट बघितलंच नाही. पोर्तुगाल राहू दे, सगळेच तिकडे जाऊया, पूर्ण वीक. महाराजांना मी विचारते. नाव काय म्हणालीस?"

नाव रत्नाच्या ओठांवर आलं होतं. वर्गात तिने ते कितीदा तरी मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, एकनाथराव तर फोनवर टाइप करायला बोट उचलून बसले होते.

"आठवत नाही बाई," रत्ना म्हणाली.