मत्स्यालय पाहिलेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे, फिरकीच्या झाकणाचा. मला आडवं पाडा, उलटं करा, थेंब सांडणार नाही. कोकणातल्या एका कासाराने मला घडवलं आणि शेवंतीच्या लग्नात तिच्या माहेरून मी जोगेश्वरीच्या चाळीत आलो. प्रवासाला असा सोबती नाही, असं सगळे म्हणत आणि मी मनातून फुगत असे.

ऐंशी सालानंतरचा तो काळ. शेवंतीचे यजमान दत्ताराम साकीनाक्याच्या कारखान्यात होते. मे महिना लागला की गावाहून पाहुणे मुंबई बघायला येत. त्यांना फिरवणं हा दत्तारामांचा भारी आवडता उद्योग. राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे आणि शेवटी मत्स्यालय. शेवंती पहाटे उठून घावणे करी, मला भरून पिशवीत ठेवी आणि जिन्यापर्यंत पोचवायला येई. संध्याकाळच्या जेवणाचं बघायला कोणीतरी घरी हवं ना! ते कोणीतरी म्हणजे नेहमी शेवंतीच.

मला भरताना ती पुटपुटे, "माका एकदा ते मासे बघूचे आसत रे. विळयेर कापतंय तेवढेच बघलंय. पाण्यात कसे दिसतत, कोण जाणा!"

एका वर्षी दत्तारामांचा चुलतभाऊ गुणाजी बायकोला घेऊन आला. त्या दिवशी शेवंतीने संध्याकाळचंही जेवण सकाळीच उरकलं आणि ठेवणीतली साडी नेसली. मला कोण आनंद झाला! गुणाजीची बायको सुगंधा म्हणाली, "वयनी, तुमी पण येतल्यात मां मासे बघूक?"

शेवंती तोंड उघडणार, इतक्यात दत्ताराम हसत म्हणाले, "तिका काय नवीन? लगीन झाल्यार पयल्यांदा तिकाच दाखयलंय. बघून बघून कंटाळली ती!"

मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. इतक्या माणसांना त्यांनी त्या काचांपुढून फिरवलं होतं, की त्यांत बायकोही होती असं त्यांना खरोखरच वाटत होतं. दर खेपेला मी सोबत होतो. ती नव्हती, हे मला ठाऊक होतं.

शेवंतीने ठेवणीतल्या साडीचा पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "होय, बघलंय. तुमी जावन येवा."

त्या दिवशी काचेपलीकडचे रंगीत मासे बघून सुगंधा हरखून गेली. मला मात्र पिशवीत फार एकटं वाटलं.

पुढे घरात प्लास्टिकची बाटली आली आणि मी माळ्यावर गेलो. माझी कल्हई उडाली, फिरकी गंजल्यासारखी घट्ट झाली. दिवाळीआधी शेवंती मला खाली काढते, चिंच लावून घासते. यंदा घासता घासता थांबली आणि हळूच म्हणाली, "तू तर बघलंस. सांग मां, कसे दिसतत?"

मग पुन्हा चिंच घेऊन ती मला घासू लागली.

मित्रांनो, मला लखलखीत ठेवा असं मी म्हणणार नाही. पण फिरायला निघताना, तुमचं पाणी जिने भरलं तिला विचारा, तू पाहिलंस का? आणि ती "होय" म्हणाली, तरी तिला घेऊनच जा.