वरून आदेश

समन्वय अधिकारी बाईंनी फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला.

नदीवरच्या पुलाच्या मधल्या खांबाला दुपारी तडा दिसला होता. पूल केंद्राचा, दोन्हीकडचा रस्ता प्रांताचा आणि पुलाच्या तोंडाचं फाटक नगरपालिकेचं. तीन तिघाडा, काम बिघाडा. या तिघांची मोट बांधायची, त्याचाच बाईंना पगार होता. आणि संध्याकाळी कारखान्याची भरलेली बस त्याच पुलावरून आणणार होता त्यांचा धाकटा भाऊ.

नगरपालिका म्हणाली, वरून आदेश आला की फाटक लावतो. प्रांताचे अभियंते म्हणाले, पूल आमचा नाही, वर विचारा. केंद्राच्या सचिवांनी गोडीत सांगितलं, खालून प्रस्ताव येऊ द्या, लगेच बघू. प्रस्ताव जाऊनही बराच वेळ झाला होता. तो कुठे लोंबकळतोय, ते कुणालाच सांगता येईना. भाऊ फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे, आणि ही शिस्त त्याला लावली होती बाईंनीच. आज त्यांना त्या शिस्तीचा भयंकर राग आला.

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. चहावर साय धरली होती. शेवटी सगळ्यांना ओलांडून त्यांनी थेट फाटकवाल्यालाच फोन लावला.

"फाटक लावा. वरून आदेश आहे."

"वरून म्हणजे कुणाचा, बाई?"

आपलं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढंच बाईंना सुचलं.

"वरून," त्या म्हणाल्या.

"मग ठीक आहे."

पलीकडे साखळी खडखडली.

थोड्या वेळाने सचिवांचा फोन आला. पूल बंद झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. हे कुणी केलं, असं ते विचारत होते.

"खालूनच झालं, साहेब."

"बरं झालं," साहेब म्हणाले. त्यांचाही जीव भांड्यात पडला असावा, कारण पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

दिवेलागणीला भावाचा फोन आला. तो तापलेलाच होता.

"ताई, केवढा वळसा पडला माहितीये? माणसं माझ्या नावाने शंख करतायत. वर कोण शहाणा बसलाय तुमच्याकडे?"

बाईंनी गार झालेला चहा बाजूला सारला.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "तू जेवायला ये."