आधी बूट, मग पाय

सिस्टरांनी म्हाताऱ्याच्या बुटात मनगटापर्यंत हात घातला तेव्हा माझ्या घड्याळात चार मिनिटं उलटली होती आणि त्यांनी अजून पायाकडे पाहिलंही नव्हतं.

"सिस्टर, ड्रेसिंग पायाचं आहे ना?" मी विचारलं.

"आधी बूट, मग पाय." त्यांनी बुटातून शर्टाचं एक बटण काढून म्हाताऱ्यापुढे धरलं. "काका, कधीपासून चालताय यावर?"

"पायाला कळेल तर ना!" काका हसले. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. वीस वर्षांच्या मधुमेहानं तळवे बधिर झालेले.

मी हॉस्पिटलच्या ऑफिसातला कारकून. पायाच्या जखमांसाठी आमच्याकडे ड्रेसिंगच्या तीन खोल्या होत्या. एका रुग्णामागे किती मिनिटं जातात आणि किती खर्च येतो ते मोजायचं आणि सगळ्यात महाग पडेल ती खोली बंद करायची, असा वरून हुकूम होता. बाकी दोन खोल्यांत पाच मिनिटं लागत, सिस्टरांना अकरा. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांची रवानगी चादरी मोजायला होणार हे मला दिसत होतं. खरं सांगतो, मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. पाठीमागे सगळे त्यांना बूटवाली म्हणत. मीही म्हणायचो.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा घड्याळ घेऊन उभा राहिलो. बाहेर रांग लागली होती.

"जरा हात चालवा, सिस्टर. मला वर आकडे द्यायचेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर कंडक्टरकाकाच होते. त्या दिवशी बूट तसाच कोपऱ्यात राहिला. सहा मिनिटं! मी खूश होऊन आकडा लिहिला आणि महिनाअखेरीस अहवाल वर पाठवला.

दोन महिन्यांनी, त्यावर निर्णय व्हायच्या आतच, नव्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला बोलावून तो अहवाल माझ्याच हातात दिला.

"मिनिटं मोजलीत. पाय कोण मोजणार?"

"म्हणजे, मॅडम?"

"वर्षभरात कुठल्या खोलीतल्या किती पेशंटचा पाय कापावा लागला ते आणा. आणि त्याचा खर्चही धरा. तो काय आभाळातून पडतो?"

तीन आठवडे मी फायलींत डोकं घालून बसलो. रुग्ण तिन्ही खोल्यांत आळीपाळीनं नोंदवले जात, त्यामुळे तुलना सरळ होती. पहिली खोली एकोणीस, दुसरी सोळा, सिस्टरांची शून्य. तीनदा पडताळलं, तरी शून्यच. एक पाय कापायचा म्हणजे ऑपरेशन आणि वर महिनाभराची खाट. तेवढ्या खर्चात सिस्टरांची वर्षभराची जादा मिनिटं सहज भरून निघत होती. सगळ्यात महाग म्हणून मी जिच्यावर काट मारली होती, तीच खोली सगळ्यात स्वस्त निघाली.

मी धावतच त्यांच्याकडे गेलो. "सिस्टर, शून्य! तुमची खोली वाचली!"

त्या पट्टी गुंडाळत होत्या. "एक लिहा."

"फायलीत तर कोणी नाही."

"ते ताप भरल्यावर घरूनच थेट वरच्या वॉर्डात गेले, म्हणून तुमच्या यादीत नाहीत. कंडक्टरकाका. उजवा पाय. बुटात खडा होता. पेशंट माझे होते."

"त्या दिवशी मीच म्हणालो होतो... हात चालवा."

"म्हणाला होतात. पण हात माझा होता ना."

मी एक लिहिला.

बैठकीत बाईंनी आकडे मोठ्यानं वाचले. "एकोणीस, सोळा, एक. हा एक कसा?"

सिस्टर उठल्या. "त्या दिवशी मी बूट तपासला नाही." एवढंच बोलून त्या खाली बसल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग मात्र मला बसवेना. उभा राहिलो आणि घड्याळासकट सगळं सांगितलं.

बाईंनी अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "सोमवारपासून तिन्ही खोल्यांत आधी बूट. शिकवतील सिस्टर."

आणि शिकवलं! मोठमोठे डॉक्टर बाह्या सरसावून लोकांच्या बुटांत हात घालत होते आणि सिस्टर ओरडत होत्या, "नुसती बोटं नकोत, पार टोकापर्यंत जा!" वर्ष सरलं तेव्हा बाकीच्या दोन खोल्यांचे आकडे होते चार आणि तीन. सिस्टरांचा शून्य. या खेपेला फायलींच्या बाहेरही शोधून आलो होतो मी. आनंदानं अक्षरशः नाचावंसं वाटलं.

तो आकडा सांगायला गेलो तेव्हा कुबड्यांवर कंडक्टरकाका आले, डावा पाय दाखवायला.

"अर्ध्या तिकिटात आलोय हो, सिस्टर!" सगळी रांग हसली. मला पाहून म्हणाले, "साहेब, घड्याळ कुठंय?"

"कपाटात ठेवलंय, काका."

सिस्टरांनी त्यांचा डावा बूट काढून आत हात फिरवला. तेवढ्यात काकांनी पिशवीतून उजवा बूट काढला, पॉलिश केलेला.

"मुलगी म्हणते, टाकून द्या. पण जोड फोडवत नाही."

सिस्टरांनी तो घेतला. त्यातही हात घातला, पार टोकापर्यंत. मग दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले आणि डावा पाय मांडीवर घेतला.