बंदराचे सहा

मी घड्याळ बोलतोय. मालवणच्या बाजूला एक लहान बंदर आहे, तिथल्या लिलावाच्या शेडमध्ये माझा खिळा आहे. नीट ऐका. दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझा जन्म जहाजावरचा. पितळी अंग, जाड काच. जहाज भंगारात निघालं तेव्हा अतहर खलाशाने मला काखोटीला मारलं आणि गावी आणलं. त्याने परमुलूख पाहिला होता. तिकडे अख्खा देश उन्हाळ्यात घड्याळाचा काटा तासभर पुढे करतो आणि थंडीत मागे घेतो. त्याने तेच इथे सुरू केलं.

त्याला कारण होतं. आमच्या बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. पहाटे होड्या बाहेर थांबतात. मी सहा दाखवले की शेडमधली घंटा वाजते, घंटा ऐकून होड्या आत शिरतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. उन्हाळ्यात सहाला उजाडतं. थंडीत सहाला काळोख. मग थंडीत घंटा सातला वाजवायची, एवढंच काम. पण माणसं ऐकतील तर ना!

"बापजाद्यांपासून सहाक घंटा. ती सहाकच वाजतली."

शेवटी तुळशीचं लग्न झालं की अतहर माझा काटा तासभर मागे ओढायचा आणि शिमगा झाला की पुढे ढकलायचा. माणसांनी आकडा सोडला नाही, म्हणून खोटं मला बोलावं लागलं.

अतहर गेला. घंटा आणि माझा काटा त्याच्या मुलाकडे, इक्बालकडे आला. इक्बालचा मुलगा झैद होडी हाणतो. आपला पोर खडकांतून येतो हे ठाऊक असलेला माणूस काट्याला हात लावताना थट्टा करत नाही.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर इक्बाल स्टुलावर चढला. खाली मासळी विकणारी नर्मदा टोपली घेऊन उभी होती.

"इक्बालभाई, तुमचा घड्याळ मागे जाता. कट्ट्याच्या बाजाराची एस.टी. मागे येता काय? ती माका सोडून जाता."

"नर्मदे, एस.टी. चुकली तर दुसरी येता. होडी चुकली तर?"

मासळीचा व्यापारी गुरुदास पुढे आला. त्याचे टेम्पो गोव्याला जातात. तिथे आधी पोचेल त्याला भाव.

"जगात एकच टाईम आसा. मोबाईल बघ. हे म्हातारपणाचे चाळे बंद कर."

"जगाक सांग, काळोखात खडकातसून होडी हाणून दाखव," इक्बाल म्हणाला आणि त्याने काट्याला बोट लावलं.

गुरुदासच्या माणसाने स्टूल लाथेने उडवलं. इक्बाल फरशीवर आपटला. होडीवाले धावले. वल्ही उठली, टोपल्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं, एकाचे दात फरशीवर पडले. एक वल्हं माझ्या काचेवर बसलं. गुरुदासने इक्बालच्या उजव्या हातावर टाच ठेवली आणि सगळं वजन टाकलं.

"ह्याच हातान फिरवतंस मा?"

हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. नर्मदेनेही ऐकला. तिला लवकरची बस हवी होती. ती गप्प राहिली.

दुसऱ्या पहाटे गुरुदासच्या माणसाने मोबाईल बघून घंटा वाजवली. बाहेर मिट्ट काळोख. थांबावं तर मासळी पडून राहणार, लिलाव उरकणार. बाकीच्या होड्या थांबल्या. झैद तरणा होता. तो शिरला.

खडकावर फळी फुटली ती मला भिंतीवर ऐकू आली. झैदला जाळ्यात घालून आणलं. पाय गुडघ्याखाली चेचला होता, हाड बाहेर आलं होतं. नर्मदेने पदर टराटरा फाडला आणि त्याच्या मांडीवर आवळून बांधला. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. झैदने डोळे उघडले.

"मावशे, बस चुकतली तुझी."

इस्पितळात त्याचा पाय कापला.

चार लोक इक्बालकडे गेले. "चाचा, चला, काटो फिरवा. पयल्यासारखा करूया." इक्बाल आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. गुरुदास बर्फाच्या पेटीवर बसला होता.

"फिरवुचो नाय," इक्बाल म्हणाला.

त्याने डाव्या हाताने मला खिळ्यावरून उतरवलं, मांडीवर उताणं पाडलं आणि माझे दोन्ही काटे मुळासकट उपटले. दुखलं. मी ओरडलो नाही. त्याने काटे गुरुदासच्या छातीवर फेकले.

"घे तुझे सहा."

गुरुदास मूठ आवळून उठला. मध्ये नर्मदा आली. हातात मासे कापायची कोयती.

"बस खाली. हललंस तर उरलेली बोटां मोजूक लागतली."

तो बसला.

आता घंटा घड्याळावर वाजत नाही. इक्बाल धक्क्याच्या टोकाला उभा राहतो. खडकांच्या काळ्या पाठी दिसल्या की वाजवतो. कधी लवकर, कधी उशिरा. नर्मदा दुसऱ्या एस.टी.ने जाते आणि टोपलीवरून कंडक्टरशी भांडते. मला बिनकाट्यांचंच परत खिळ्यावर टांगलंय. झैद कुबडी घेऊन येतो, माझ्याखाली बसून जाळी विणतो. होडीकडे बघत नाही.

ऐकतो, परमुलखातही आता काटा फिरवायचा की नाही यावरून तंटा चालू आहे. मला विचाराल तर बंद करा. घड्याळाला सरळ चालू द्या. पण मग तुमचा आकडाही सोडा. काळोखात घड्याळ काहीही दाखवत असलं तरी घंटेला हात लावू नका. आकड्याला पाय नसतात. झैदला होते.

माझी कीव नको. आतली चक्रं धड आहेत. मला नवे काटे बसवायला मात्र कोणी येऊ नये. इक्बालचा डावा हात अजून शाबूत आहे.